गसच्या अंगावरची जर्सी

३ जानेवारी

गसला आज पुरलं. जमीन गोठली होती, म्हणून खड्डा आदल्या दिवशी यंत्राने खणून ठेवला होता. माती ढेकळांनी पडली आणि पेटीवर फार आवाज झाला.

अंत्यविधीचं सगळं साबो यांनी पाहिलं. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मिसेस कोव्हाच, सूट की जर्सी?" आमच्या फुटबॉलवेड्या क्लीव्हलंडमध्ये हे विचारतातच. मी जर्सी म्हणाले.

"कोणाची?"

"चोपन्न नंबर. ब्रूसार्ड."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "अजून खेळतोय ना तो? माझं ऐकाल तर निवृत्त झालेल्या खेळाडूची द्या. निवृत्त माणूस कुठे जात नाही."

मला वाटलं, नवरा गेलेल्या बाईला हसवायची त्यांची रीत असेल. मी म्हणाले, गस पडला तेव्हाही त्याच्या अंगावर ब्रूसार्डचीच होती. ती पोलिसांकडे आहे, पण घरी तशा आणखी दोन आहेत. त्यांनी चष्मा चढवून वहीत चोपन्न लिहिलं.

चेहरा चांगला केला होता. उजव्या हाताच्या बोटांच्या गाठींवर मात्र दोन लहान अर्धगोल जखमा होत्या, रंग लावूनही दिसत होत्या. पार्किंगच्या सिमेंटवर पडताना खरचटलं असणार. मी डावा हात वर ठेवायला सांगितला.

जेवण चर्चच्या तळघरात होतं. गसचा चुलतभाऊ कोबीचे रोल वाढून घेता घेता म्हणाला, "ब्रूसार्डचा करार मार्चमध्ये संपतोय. गसला म्हणावं, जर्सीची पावती जपून ठेव." गसचा थोरला भाऊ रूडी माझ्या शेजारी बसला होता. तो उठला, त्याने चुलतभावाचं डोकं मागून धरलं आणि टेबलावर आपटलं. नाक मोडल्याचा आवाज मी ओळखते. परात खाली गेली. चौघांनी मिळून रूडीला धरलं.

फादर म्हणाले, "घरात मृत्यू झाला की असं होतं." मी परात धुतली.

१२ जानेवारी

आजपासून परत दवाखान्यात जायला लागले. माझं काम दात स्वच्छ करण्याचं. गेली चोवीस वर्षं तेच करते. सगळे हळू आवाजात बोलत होते.

घरी झोप लागत नाही म्हणून हे लिहिते. बोलायची मला सवय नाही. बोलायचं काम गसचं होतं.

झालं ते लिहून ठेवते. डिसेंबरमध्ये पिट्सबर्गविरुद्धचा सामना संपल्यावर तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये बाचाबाची झाली. पिट्सबर्गच्या बाजूचा कॉडी रेन्शॉ नावाचा बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याने गसला ठोसा मारला. गस मागे पडला आणि डोकं सिमेंटच्या कडेवर आपटलं. नाताळ झाल्यावर हॉस्पिटलात त्याचं श्वासाचं यंत्र बंद केलं. सामन्याच्या दिवशी मी घरी होते. मला हेल्मेटवाला फुटबॉल सोसत नाही, मी बेसबॉलची.

दुपारी एक माणूस पिट्सबर्गची टोपी घालून दात साफ करायला आला. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचं काम संपलं तेव्हा पिकदाणी लाल झाली होती. तो म्हणाला, "बाई, जरा हळू करता आलं असतं." त्याच्या हिरड्या खराब होत्या.

९ फेब्रुवारी

सरकारी वकील बाईंनी बोलावलं होतं. रूडी बरोबर आला. खटला सदोष मनुष्यवधाचा आहे. शिक्षा ठरायच्या आधी न्यायाधीश मला बोलू देणार आहेत. वकील बाई म्हणाल्या, "बायको काय बोलते याला वजन असतं. सहा महिने की आठ वर्षं, हे बरंचसं तुमच्यावर आहे."

मी म्हणाले, "आठ."

कोणाच्या तरी मोबाइलमध्ये सगळं टिपलं गेलं आहे. पाहायचं का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. रूडी आत गेला. बाहेर आला तो थेट पाण्याच्या मशीनकडे, आणि त्याने त्याला अशी लाथ मारली की पत्रा आत गेला.

"तू बघू नकोस," गाडीत म्हणाला.

"इतकं वाईट आहे?"

"बघू नकोस म्हटलं ना, इर्मा."

फार वाईट असणार. रूडी छपरं शाकारतो, तीन मजल्यांवरून पडलेला माणूस त्याने पाहिला आहे.

ॲरिझोनात बेसबॉलचा सराव सुरू झाला. केसादा तब्येतीने बरा दिसतो. सहा वर्षं तो आमचा शॉर्टस्टॉप आहे, आतल्या मैदानात बॉल अडवणारा, आणि माझा सगळ्यांत आवडता. गस म्हणायचा, "तुमचा खेळ म्हणजे गवतात उभ्या राहिलेल्या गाई. मधेच एखादी पळते." मी म्हणायचे, "आणि तुमचा म्हणजे खाटीकखाना." मग तो माझ्यासाठी सामना लावायचा आणि सोफ्यावर झोपायचा.

११ मार्च

ब्रूसार्ड गेला. पिट्सबर्गला.

दुसऱ्या कुठल्याही संघात गेला असता. तीस संघ होते. तो पिट्सबर्गलाच गेला. मी एका बाईच्या दाढेवर काम करत होते. बाहेरच्या खोलीत कोणीतरी ओरडलं, मला वाटलं कोणाला झटका आला.

घरी येताना गाडीत रेडिओ लावला. गस ऐकायचा तोच कार्यक्रम. लोक फोन करत होते, निवेदक उत्तरं देत होता.

"मी माझ्या पोराचं नाव ठेवलं हो ब्रूसार्ड! आता काय हाक मारू त्याला?"

"'ए' म्हण. पुढचा!"

मग लेकवुडची एक म्हातारी आली. "मी रोज प्रार्थनेला जाते. कोणाचं वाईट चिंतत नाही. त्याचा गुडघा मोडो, एवढंच मागते. एकच."

"आजी, दोन्ही मागा."

"दोन्ही मोडले तर गाड्यावर बसवून फिरवतील. एकच मोडला तर लंगडतो, आणि लोक बघतात."

मी गाडी घरासमोर उभी करून ते संपेपर्यंत ऐकलं.

१२ मार्च

रूडीच्या अंगणात लोखंडी पिंप पेटवलं होतं. जाऊ नये असं वाटत होतं, पण त्याने तीनदा फोन केला. वीस-पंचवीस माणसं, बर्फात बिअरच्या पेट्या, विस्तवावर सॉसेज, आणि एकेक जण पुढे येऊन आपली चोपन्न नंबरची जर्सी पिंपात टाकत होता. त्या कापडाला जळताना प्लास्टिकचा वास येतो. एकाने बायकोचीही आणली होती. ती मागून ओरडत आली, "माझी का? मी कुठे काय म्हटलं? मला तो अजून आवडतो!" तिच्या नवऱ्याच्या मित्राने तिला ढकललं, नवऱ्याने मित्राला मारलं, आणि मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. एक जण पिंपावर पडला. त्याची बाही पेटली. त्याला बर्फात लोळवला. तो हसत होता.

मी गसची उरलेली एक जर्सी घेऊन गेले होते. रूडीच्या हातात दिली. त्याने ती वर धरली. सगळे "गस! गस!" ओरडले. रूडीने ती विस्तवात टाकली, आणि मग तसाच उभा राहिला. ओरडणं हळूहळू थांबलं.

"इर्मा," तो म्हणाला, "गसच्या अंगावर काय आहे?"

 सॉसेजमधली चरबी तडतडत होती. मला साबो यांचा चष्मा आठवला.

१५ मार्च

रूडी नाश्त्याच्या वेळी आला. बसला नाही.

"त्याला बाहेर काढायचा. साबोशी बोललो मी. न्यायालयाची परवानगी काढता येते, फक्त बायकोची संमती लागते."

"काढून काय करणार?"

"कपडे बदलणार! माझा भाऊ कायमचा त्या गद्दाराचं नाव पाठीवर घेऊन झोपणार? पिट्सबर्गच्या माणसाचं? पिट्सबर्गच्या माणसाने मारलं त्याला!"

"त्याला माहीत नाही ते."

"मला माहीत आहे ना. मी रात्री डोळे मिटले की मला त्याची पाठ दिसते."

"अडीच महिने झाले, रूडी. मी पाहणार नाही त्याला. तुलाही पाहू देणार नाही."

त्याने फ्रिजच्या दाराला ठोसा मारला. दारावरचे फोटो पडले. मग ते वेचून चुंबकांनी एकेक परत लावले, गसचा सगळ्यांत वर. जाताना म्हणाला, "तू त्याला शेवटचं त्या पोराच्या बाजूचं करून पाठवलंस."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात होतं. संध्याकाळी बशा धुताना दोन फुटल्या. मग मी आणखी चार फोडल्या. सहाचाच संच होता.

३ मे

आज गाडीने मासिलनकडे मावशीला भेटायला निघाले होते. पुढे एक गाडी लागली, मागच्या काचेवर पिट्सबर्गचं चिन्ह. मी तिच्या मागेच राहिले. मावशीकडे वळायचा रस्ता गेला. ती गाडी जोरात गेली की मी जोरात जात होते, हळू झाली की हळू. पेनसिल्व्हेनियाची हद्द आली, तरी मी मागेच. शेवटी तो एका पेट्रोलपंपावर थांबला. मी त्याच्या मागच्या बंपरला माझा बंपर टेकवून उभी राहिले. साठीचा माणूस होता. खाली उतरला.

"बाई, तुम्हाला काय पाहिजे?"

मी पंपाकडे पाहिलं. म्हणाले, "पेट्रोल."

तो आत गेला आणि काउंटरवरच्या मुलीला माझ्याकडे बोट करून काही सांगू लागला. मी परत फिरले. मावशीला गाडी बिघडली म्हणून सांगितलं. बाहेर हवा छान होती.

२० मे

रेन्शॉने गुन्हा कबूल केला. शिक्षा ऑगस्टमध्ये ठरेल. मी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं. बारीक आहे. सूट बापाचा असावा, खांदे लोंबत होते.

"कबूल आहे" म्हणताना त्याने तोंड उघडलं. वरचे समोरचे दोन दात नवे आहेत. बसवलेला पूल, म्हणजे ब्रिज, स्वस्तातला आहे, हिरडीशी नीट बसलेला नाही, 'स' म्हणताना शीळ वाजते. या वयात दोन दात कसे गेले असतील? हॉकी खेळत असेल.

मी न्यायाधीशांसमोर काय बोलायचं ते लिहून काढलं आहे. शेवटचं वाक्य असं आहे: कायद्यात बसेल तेवढी सगळी वर्षं द्या. वकील बाईंना आवडलं. रूडीला वाचून दाखवलं तर तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"आवडलं नाही?"

"छान आहे," म्हणाला. "तू लिहिलंस ना, मग छान आहे."

१७ जुलै

थडग्याचा दगड आला. जानेवारीत सांगितला होता, तेव्हाच नावाखाली चोपन्न कोरायला सांगितलं होतं. मी विसरले होते. दगडवाल्याने ते फार खोल कोरलं आहे. म्हणाला, "शंभर वर्षं जाणार नाही."

तीन दिवसांत कोणीतरी आकड्यावर काळी चिकटपट्टी लावली. दुकानात जर्सी बदलून देत नाहीत तेव्हा लोक नावावर लावतात तशी. मी ती काढली. परत लावली. परत काढली. दोन नखं तुटली.

३० जुलै

आमच्या संघाने केसादाला देऊन टाकला. सिएटलला. बदल्यात वीस-वीस वर्षांचे दोन पोरगेले बॉल टाकणारे आणले, ज्यांची नावं मी ऐकलेली नाहीत. सामना चालू असताना त्याला मैदानातून बोलावून घेतलं. टीव्हीवर दाखवत होते, तो एकेकाला मिठी मारत होता. त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

या दोन्हींत फरक आहे. ब्रूसार्ड गेला. केसादाला दिला. गसचं काय म्हणायचं, मला कळत नाही.

दवाखान्यात ही बातमी कळली तेव्हा दोन पेशंट शिल्लक होते. मी हातमोजे काढले आणि निघाले. घरी जावंसं वाटेना म्हणून दफनभूमीत गेले. लांबूनच ठकठक ऐकू आली.

रूडी गुडघ्यांवर बसला होता. हातात छिन्नी, हातोडा. पाचाचं पोट फोडून झालं होतं, चारला हात घातला होता. शेजारच्या थडग्यावर त्याचा थर्मास ठेवला होता.

"उठ," मी म्हणाले.

"तू घरी जा. माणूस काढू देत नाहीस, आकडा तरी काढू दे."

"उठ, रूडी."

त्याने वर पाहिलं. डोळे सुजले होते. माझा चेहरा बघून म्हणाला, "ऐकलं मी. तुझाही गेला. बघ आता कसं वाटतं. आता तुला कळेल." मग हातोडा खाली ठेवला. उठून माझ्यासमोर आला, आणि आवाज खाली आणला. "इर्मा, तुझं ते भाषण वाचू नकोस. ते मोबाइलमधलं पाहिल्यापासून मला झोप लागत नाही. त्या पोराने धक्का दिला नव्हता, शिवी दिली नव्हती. एवढंच म्हणाला, 'काका, चोपन्न पुढच्या वर्षी आमच्याकडे येणार.' हसत म्हणाला. बिअरचा कॅन पुढे केला होता त्याने. आणि गसने…"

मी त्याच्या तोंडावर मारलं. उघड्या हाताने नाही. मी आयुष्यात कोणाला मारलं नव्हतं, हात कसा वळवायचा तेही मला माहीत नव्हतं, पण तो बरोबर वळला. रूडी मागे गेला, गसच्या दगडाला धडकला आणि खाली बसला. मी परत मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा तो तोंड धरून म्हणाला, "बास. बास. दात."

वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर लोंबत होता. रक्त जर्सीवर नाही, सदऱ्यावर पडत होतं, हे मी का पाहिलं कोण जाणे. मी त्याला मान मागे टाकायला सांगितलं. दोन बोटांनी दात धरून जागेवर दाबला. तो किंचाळला. मी म्हणाले, "हलू नकोस. जीभ लावू नकोस. रुमाल चाव." दवाखान्यात नेलं, डॉक्टर निघालेच होते, त्यांनी तारेने बांधला. दात जगेल बहुतेक. परतताना रूडी तोंड धरून बसला होता. तो बोलू शकत नव्हता.

३१ जुलै

सकाळी हात सुजला होता. नळाखाली धरला, रक्त धुतलं. मधल्या बोटांच्या गाठींवर दोन जखमा आहेत. लहान. अर्धगोल. एक जरा खोल.

वरच्या समोरच्या दातांच्या कडेने अशी जखम होते. चोवीस वर्षं मी दात पाहते आहे.

मी सिमेंटवर पडले नव्हते.

औषध लावलं. पट्टी बांधली. कामाला गेले नाही. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात बसले होते. फ्रिजवरून गस बघत होता. त्याचा तो फोटो मीच काढला आहे, सामन्याच्या सकाळचा, दोन्ही मुठी वर.

६ ऑगस्ट

कोर्टात गर्दी होती. आपल्याकडचे बरेच लोक आले होते, कोणाच्याही अंगावर चोपन्न नव्हतं. रूडी माझ्या शेजारी बसला, तोंडात तार. पलीकडे रेन्शॉची आई. तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

माझं नाव पुकारलं. कागद पर्समध्ये होता, काढला नाही. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "घाई नाही, मिसेस कोव्हाच. तुमच्या हाताला काय झालं?"

"पडले," म्हणणार होते. मग म्हणाले, "मारामारी."

कोणीतरी हसलं. त्या म्हणाल्या, "बोला."

"मला वर्षं मागायची नाहीत. त्याचे वरचे दोन दात माझ्या नवऱ्याने पाडले. आधी पाडले. ते लिहून घ्या."

मागून "काय बोलतेय ही!" असं ऐकू आलं. कोणी बाक आपटला. पट्टेवाला पुढे सरकला. रेन्शॉने हात तोंडावर नेला आणि तसाच ठेवला. त्याची आई रडू लागली, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मी म्हणाले, "आणि पूल नीट बसलेला नाही. तुरुंगात दुखेल. कोणीतरी बघा." मग खाली बसले.

दोन वर्षं दिली.

बाहेर एक जण माझ्या बुटाजवळ थुंकला. गसचा मित्र, पिंपाच्या दिवशी बाही पेटली होती तो. रूडी त्याच्यावर धावला, मी त्याला मागून धरलं. "दात," म्हणाले. तेव्हा थांबला.

गाडी मी चालवत होते. रूडी तोंड फारसं न उघडता म्हणाला, "गस असता तर तुला घराबाहेर काढलं असतं."

"गस असता तर मी इथे आले नसते."

तो हसायला गेला आणि कळवळला. "उद्या काळी पट्टी घेऊन येतो. फोडलेला पाच वाईट दिसतो."

"आण," म्हणाले.

त्याने रेडिओ लावला. पिट्सबर्गच्या सरावात ब्रूसार्डचा गुडघा गेला. एकच, डावा. वर्षभर खेळणार नाही. लोक फोन करून गात होते. लेकवुडच्या म्हातारीला शोधा, शोधा, असं सगळे ओरडत होते. पुढच्या गाडीतल्याने हॉर्न वाजवला, शेजारच्याने वाजवला. सिग्नलला सगळेच वाजवत होते.

मीही वाजवला. हात ठणकला. परत वाजवला.